पुलाचा वाटा

नदी उलटी वाहते असं लग्नाआधी कोणी मला सांगितलं असतं, तर त्याला मी सरळ वेड्यात काढलं असतं. मी माणदेशातली. आमच्याकडे नदी म्हणजे वाळूचा पट्टा. तिला पाणी आलं की अख्खं गाव बघायला जातं, आणि पाणी ओसरलं की त्याच वाळूतून पुन्हा बैलगाड्या. अशी मी, हातातला हिरवा चुडा सांभाळत, सासूबाईंच्या मागून थोरल्या पुलावरून चालले होते. सकाळी बाजारात जाताना पाणी समुद्राकडे चाललेलं मी याच डोळ्यांनी बघितलं होतं. दुपारी परत येताना बघते तर नारळाची एक वाळकी झावळी पाण्यावर तरंगत डोंगराकडे निघालेली! मी कठडा धरून उभी राहिले.

"आई, नदी उलटी चाललीय!"

सासूबाईंनी डोक्यावरची टोपली खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले आणि हसून घेतलं. "अगो बाय, भरती हाय ती. दर्या वर येतो, बघतो आमी काय करतंव तां, नि जातो परत." मग घरी पोचेपर्यंत वाटेत जो भेटेल त्याला त्यांनी सांगितलं, की देशावरची नवरी नदीला घाबरली. महिनाभर आमच्या आळीला दुसरा विषय नव्हता. मला असा राग आला होता म्हणून सांगू! पण खरं सांगायचं तर आज केस पिकले, तरी भरतीच्या वेळी पुलावर असले की माझे पाय आपोआप थांबतात. एवढं मोठं पाणी, कोणी ढकलत नाही, कोणी ओढत नाही, आणि उलटं चालायला लागतं. याची सवय होणाऱ्या माणसांचंच मला नवल वाटतं.

गावाचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की चुका काढायला माणसं हजर. रत्नागिरी जिल्ह्यातलं, नदी आणि खाडी जिथे एकमेकींत मिसळतात तिथलं जुनं बंदर, एवढं पुरे. एके काळी इथवर मालाची गलबतं येत. आता वखारींच्या भिंती उरल्यात आणि त्यांत मोबाईलची दुकानं. दोन दगडी पूल मात्र आहेत तसे आहेत. देवळाजवळच्या पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, एका कमानीचा धाकला पूल, त्याच्यावरून दोन म्हशी समोरासमोर आल्या की घोडं अडलंच. आणि नदीवर पाच कमानींचा थोरला. काळा घडीव दगड, मधे चुना. बांधला कोणी ते धड कोणाला ठाऊक नाही. एकजण म्हणतो गोऱ्या साहेबाने, दुसरा म्हणतो त्याच्याही आधीचा. चुना मात्र शिंपले भाजून केला होता, हे सगळे सांगतात. भट्ट्या लावून गावच्या गाव शिंपले वेचत होते म्हणे. भर उन्हात कमानीखाली उभं राहून वर बघा. एवढाले दगड डोक्यावर तिरपे टेकून उभे आहेत, खाली खांब नाही, तुळई नाही, आणि वरून माणसं भाजी घेऊन चाललीत. माझी तर मान दुखेपर्यंत नजर हलत नाही.

या पुलाचं मला कळलेलं दुसरं नवल म्हणजे तो आम्हाला जेवायला घालतो. खाऱ्या पाण्यात त्याच्या पायांना कालवं धरतात. शिंपल्यातला जीव तो, दगडाला असा चिकटतो की जणू दगडच. सुकती लागली, म्हणजे पाणी उतरलं, की आळीतल्या बायका साड्या खोचून खाली उतरतात आणि हातातल्या छोट्या लोखंडी कोयतीने ती फोडतात. सासूबाई त्यातल्या म्होरक्या. त्यांचा हात बघत राहावा. टक्, आणि वरचं कवच बाजूला, आतला मऊ लगदा टोपात. मी पहिल्यांदा उतरले तेव्हा नारळ फोडावा तशी कोयती घातली. "अगो, कालवां काढतंस का पूल पाडतंस?" म्हणून त्या ओरडल्या, आणि झालं, आळीला पुन्हा विषय मिळाला.

पण त्या दिवशी त्यांनी एक गोष्ट केली ती मी विसरणार नाही. पहिलं कालव निघालं, त्याचं रिकामं कवच त्यांनी टाकलं नाही. काठाची चिकणमाती बोटांनी मळली, कवचाला मागून लावली आणि दोन दगडांच्या सांध्यात, जिथला चुना झिजला होता तिथे, अंगठ्याने गच्च दाबून बसवलं. मी विचारलं, हे काय? म्हणाल्या, "पुलाचा वाटा. त्याचां त्याला द्यायचां." प्रत्येक बाई प्रत्येक खेपेला पहिलं कवच असंच द्यायची. निम्मी पावसाळ्यात वाहून जात, पुढच्या हंगामात पुन्हा दुसरी. का करायचं ते कोणी सांगितलं नाही आणि मीही पुन्हा विचारलं नाही. करत गेले.

त्या पहिल्या खेपेला बरीच वर्षं झाली. मालक मुंबईला कंपनीत, पोरगी रत्नागिरीला नोकरीला, घरात आम्ही दोघी. सासूबाईंचं वय ऐंशीच्या पल्याड, पण थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत सुकती बघून खाली उतरायच्या म्हणजे उतरायच्या. आणि रोज दुपारी डबा घेऊन पूल ओलांडायच्या. पलीकडच्या काठाला त्यांची सख्खी धाकटी बहीण. दोघी पावस गावाच्या बाजूच्या, एकीला या काठावर दिली, दुसरीला त्या. मावशींची कंबर गेल्यापासून त्या खाटेवरच असतात. सून करते सगळं, पण आकाच्या, म्हणजे थोरल्या बहिणीच्या, हातचं कालवण दोन घास जास्त जातं. दोघी बसून अर्धा तास एकमेकींना नावं ठेवायच्या, मग सासूबाई खूश होऊन परत यायच्या. हे औषध दोघींनाही लागू पडत होतं.

गेल्या वर्षी पुलावर लोखंडी अडसर आला. गाड्यांसाठी वरच्या अंगाला नवा पूल आहेच, तेव्हा आमची काही अडचण नव्हती. माणसांना चालायला मुभा होती. पूल तपासायचा, मग डागडुजी की काय ते ठरवायचं, असं कळलं. त्यासाठी देवळात बैठक बोलावली. बांधकाम खात्याच्या साहेबांनी चांगलं सांगितलं हो, की पायाजवळचे सांधे रिकामे झालेत, कारण शोधतोय. पण आमच्या बाजारातला एक शहाणा उठला. त्याला चार माणसं दिसली की बोलायची उबळ येते. म्हणाला, कारण कशाला शोधता? आयुष्यभर कोयत्या घेऊन पूल टोकरणाऱ्या बायका समोर बसल्यात, त्यांना विचारा. आणि त्याने सासूबाईंकडे बोट केलं.

उचलली जीभ लावली टाळ्याला! मी ताडकन उठले. म्हटलं, "आमच्याकडची कालवं नेऊन चाटूनपुसून खाल्लीत तेव्हा नाही दिसला पूल?" लोक हसले, तो बसला. मला वाटलं जिंकले. सासूबाईंकडे बघितलं तर त्या हसत नव्हत्या. स्वतःच्या हातांकडे बघत होत्या.

घरी आल्यावर त्यांनी कोयती धुतली, पुसली आणि माळ्यावर टाकायला लावली. दुसऱ्या दिवशी डबा भरला, उंबऱ्यापर्यंत गेल्या, आणि परत येऊन बसल्या.

"आज तू दे नेऊन. नव्या पुलावरून जा."

"का? तुमचे पाय दुखतात का?"

"पाय नाय गो दुखत. मी पाडला पूल. आता त्याच्यावर पाय ठेवला नि तो बसला खाली, तर?"

मी हसण्यावारी नेलं. मग समजावलं. मग चिडले. म्हटलं रिक्षाने नेते, नव्या पुलावरून. तर म्हणाल्या, जुना समोर पडायला आलाय आणि मी नव्यावरून मिरवत जाऊ? त्याला काय वाटेल? आता काय बोलायचं? पुलाला काय वाटेल याचा विचार करणाऱ्या बाईशी भांडायचं तरी कसं? जेवण तुटलं. अर्धी भाकरी, तीही माझ्या धाकाने. बाहेर ओट्यावर बसायच्या त्या पुलाकडे पाठ करून. ज्या बाईने मला भरती शिकवली, ती भरती आलेली बघायचीसुद्धा बंद झाली. मला धास्ती पडली, की अशीच महिनाभर राहिली तर ही माझ्या हाताला लागणार नाही. आणि पलीकडे मावशी.

डबा मी न्यायचे, स्कूटरवरून, लांबच्या वळशाने. मावशींना सांगायचे, आईंचे गुडघे धरलेत. देवळातलं बोलणं सुनेने त्यांना सांगितलेलं होतं. मावशी छताकडे बघत असत. एकदा विचारलंन, "पुलाबद्दल काय म्हणते आका?" मला घाई होती. म्हटलं, "काही नाही, पुलाचं नावसुद्धा काढत नाहीत." मावशींनी तोंड भिंतीकडे केलं. त्यांचाही डबा अर्धा परत यायला लागला. मला वाटलं, माझ्या हाताला चव नाही.

मग तपासणीला एक इंजिनीअर मुलगी आली. माझ्या पोरीएवढीच, डोक्यावर पिवळी टोपी, पायात गमबूट, आणि कामाला वाघीण. उधाणाचे दिवस होते. उधाणाला भरती जेवढी वर चढते तेवढीच सुकती खाली जाते, तेव्हा तिने बरोबर त्या वेळा धरल्या होत्या. तिला चहा द्यायला म्हणून मी घाटाच्या पायऱ्या उतरून गेले. खरं म्हणजे चहा निमित्त. तिच्या तोंडून काय ते ऐकायचं होतं.

"ताई, जरा इकडे या," तिनेच हाक मारली. "तुम्ही इथल्या ना? हे काय आहे, सांगाल?"

चिखलात पोटऱ्यांपर्यंत जात मी मधल्या पायाशी गेले. गेली काही वर्षं वरच्या अंगाला पंप लावून वाळू उपसतात, तेव्हा पात्रातली वाळू खाली खाली गेलीय हे आम्हाला दिसत होतंच. पण पाण्याबाहेर आलेला पूल मी एवढा खोल कधी बघितला नव्हता. ज्या दगडावर उभं राहून आम्ही कालवं काढायचो तो आता माझ्या डोक्याच्या वर होता. त्याच्या खाली दगडांचे आणखी थर, एकाखाली एक, ओले, काळे, नवे असावेत तसे. आणि त्या प्रत्येक थराच्या सांध्यात कवचं होती.

मला आधी काही सुधरेचना. कवचं, ओळीने. त्या दगडाच्या वर आमच्या हातची, विस्कटलेली, निम्मी पडलेली. आणि त्याच्या खाली, जिथे आमच्यापैकी कोणाचाच हात कधी पोचला नव्हता, तिथे सांधेच्या सांधे भरलेले. इतकी वर्षं वाळूखाली दाबून राहिल्याने मातीसुद्धा शाबूत होती. मुलगी सांगत होती, की पूर्वी पात्र इतकं खोल असणार. मग गाळ साठत साठत वर आला, हे सगळं पुरलं गेलं, आणि आता वाळू निघाल्यावर पुन्हा उघडं पडलं. मी ऐकत होते आणि नव्हतेही. गाळ वर चढत गेला, तशा बायका वर सरकत गेल्या. एकीची सून, तिची सून, तिची. कोणाचं नाव नाही, गाव नाही, कुठल्या काळातल्या ते नाही. लुगडं खोचून इथेच उभ्या होत्या, आणि पहिलं कवच पुलाला देत होत्या. मी हात जोडले, कोणाला ते मला आजही सांगता येणार नाही.

"यानेच पूल कमजोर झाला का?" मी कसंबसं विचारलं.

ती हसली नाही. नीट सांगितलंन. "नाही. कवचांनी पूल टिकला असं मी म्हणणार नाही, माती ती माती. आणि कालवं काढून असा दगड ढिला होत नाही, ओरखडे सगळे वरवरचे आहेत. पायाखालची वाळू गेलीय, त्रास तो आहे. पाया भरून घेतला तर पूल उभा राहील."

चहाचा कप तिच्या हातात कोंबून मी पळत सुटले. पायऱ्यांवर दोनदा घसरले. घरात शिरले ती ओरडतच. "आई, उठा! पाणी परत फिरायच्या आत चला!" त्या नाही म्हणाल्या. मी म्हटलं, "तुम्ही पाडलेला पूल एकदा डोळ्यांनी तरी बघा!" आणि वयाचा मान बाजूला ठेवून त्यांना दंडाला धरून उठवलं. आळी बघत होती. बघू दे म्हटलं. उद्याला विषय होईल.

मुलीने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. सासूबाई चिखलात उभ्या राहिल्या आणि त्यांनी वरपासून खालपर्यंत पूल बघितला. मग वाकल्या. खालच्या थरातल्या एका कवचाभोवतीच्या मातीत अंगठा दाबल्याची खळी होती, सुकलेल्या पिठाच्या गोळ्यात राहावी तशी. त्यांनी आपला अंगठा तिच्यात ठेवला. बसला नाही, खळी लहान होती.

"पोरगी होती गो," त्या म्हणाल्या. "बारकी. नवी नवरी असेल."

आणि माझा हात धरून रडायला लागल्या, मोठ्याने, लाज न बाळगता. मीही रडले. इंजिनीअर मुलगी टोपी काढून पाण्याकडे बघत उभी राहिली. पाणी तेवढ्यात फिरलं होतं. समुद्राकडून एक बारीक घडी येत होती, आमच्या घोट्यांना लागून वर चालली होती.

वर आलो तेव्हा वाटलं आता घरी नेऊन गरम पाणी द्यावं. पण सासूबाई घराकडे वळल्याच नाहीत. ओल्या लुगड्याने, चिखलाच्या पायांनी सरळ पुलावर. कठड्याला हात लावत, मधे कुठे न थांबता. मी मागून धावत. पलीकडच्या आळीतल्या बायका दारात आल्या, काय झालं, काय झालं करत. सासूबाई थेट बहिणीच्या घरात शिरल्या आणि खाटेशी जाऊन उभ्या राहिल्या.

मावशींनी मान वळवली. बहिणीला बघितलं आणि दोन्ही हात पदरात लपवले. तोंड लहान मुलीसारखं झालं होतं.

"आका," त्या म्हणाल्या, "मी मुद्दाम नाय गो केलां. ह्या बाजूच्या पायाची कालवां मीच काढत होते, सगळी वर्सां. माझ्या हातूनच गेला पूल. म्हणून रुसलीस ना माझ्यावर? म्हणून येत नव्हतीस?"

सासूबाई मटकन खाटेच्या कडेला बसल्या. बहिणीचे हात ओढून पदरातून बाहेर काढले, उलटेपालटे करून बघितले, आपल्या चिखलाच्या हातात घट्ट धरले.

"अगो मेले," त्या म्हणाल्या, "तुझ्या हातात एवढा जोर कधी होता?"